परमुलुखीचे धान्य आणि शिरोळची चूल

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जेथे महाराष्ट्राची हद्द संपून कन्नड मुलूख लागतो आणि जेथे कृष्णा, पंचगंगा, वारणा व दूधगंगा अशा चार नद्यांच्या गाळाने जमीन काळीभोर झाली आहे, त्या शिरोळ तालुक्याची ख्याती नृसिंहवाडीच्या दत्तपादुकांमुळे, खिद्रापूरच्या कोपेश्वरामुळे आणि उसाच्या फडांमुळे सर्वत्र पसरलेली असली, तरी देशोदेशींच्या पाकपरंपरांचा माग काढावयास कोणी या भागात येईल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. भाकरी, पिठले, वांग्याचे कालवण, शेंगदाण्याची चटणी आणि सणासुदीला गव्हाची खीर, एवढ्या चार-पाच पदार्थांत येथल्या जेवणाची इतिश्री होते, असा परक्याचा समज होतो; आणि येथील वृद्ध माणसेही हेच आपले वाडवडिलार्जित अन्न, याहून वेगळे ते सगळे अलीकडचे खूळ, असे निःशंकपणे सांगतात. परंतु इतिहासाची दृष्टी ठेवून हेच ताट न्याहाळले तर असे आढळते की, त्यातील बहुतेक जिन्नस केव्हा ना केव्हा समुद्र ओलांडून किंवा खैबरसारख्या खिंडी उतरून आलेले आहेत, आणि या परक्या मालाला घरचा करून घेण्याची एक पक्की रीत येथल्या गृहिणींनी शतकानुशतके सांभाळली आहे.

याची सर्वांत ठळक साक्ष, आश्चर्य वाटेल, पण उपवासाच्या ताटात मिळते. गुरुवारी किंवा एकादशीला नृसिंहवाडीच्या संगमावर स्नान करून आलेला भाविक जी साबुदाण्याची खिचडी श्रद्धेने खातो, तिच्यातील शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या पर्वतराजीतला, मिरची मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडील मुलखातली, आणि आजचा साबुदाणा ज्या कंदापासून निघतो तो कसावाही मूळचा ब्राझीलकडचा. पूर्वीचा साबुदाणा मलायाकडील सागूच्या झाडापासून होई आणि जहाजाने येई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती आयात खुंटली तेव्हा सेलमच्या कारखानदारांनी कसाव्याच्या पिठापासून तो करण्यास आरंभ केला, आणि व्रतस्थांच्या लक्षातही न येता एका परदेशी झाडाची जागा दुसऱ्या परदेशी कंदाने घेतली. गहू, ज्वारी, तांदूळ या धान्यांना उपवासात मज्जाव आहे, कारण व्रताचे नियम ठरले तेव्हा ती धान्ये घरोघरी होती. पोर्तुगीजांच्या गलबतांतून पुढे जे आले त्याची नोंद त्या जुन्या यादीत असणे शक्यच नव्हते, म्हणून ज्याप्रमाणे जकातीच्या जाबत्यात नाव नसलेला माल नाक्यावरून बिनदिक्कत पुढे जातो, त्याप्रमाणे हे नवे जिन्नस सोवळ्यातल्या ओट्यापर्यंत विनाहरकत पोहोचले, असे अनुमान करण्यास प्रत्यवाय दिसत नाही.

या सर्व उलाढालीपूर्वी येथील अन्न कसे होते याची कल्पना यावी म्हणून थोडे मागे गेले पाहिजे. खिद्रापूरच्या कोपेश्वराचे काम शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकाच्या सुमारास झाले, आणि यादवराजा सिंघणाचा शके ११३६ चा संस्कृत लेख आजही त्या मंदिरावर आहे. त्याच बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ नावाचा जो ज्ञानकोश रचला, त्यात राजाच्या भोजनाचे सविस्तर प्रकरण आहे. त्यात मांडे आहेत, वडे आहेत, आंबवलेल्या डाळीचे पदार्थ आहेत, नाना प्रकारचे मांस आहे; परंतु तिखटपणासाठी मिरी, आले यांसारख्या जुन्या जिनसांवाचून दुसरा आधार नाही, आणि स्वादासाठी वारंवार येणारा हिंग त्याही काळी इराण-अफगाणिस्तानच्या बाजूनेच येत होता. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचे खांब घडविणाऱ्या पाथरवटाने दुपारच्या जेवणात तांबडा रस्सा खाल्ला असेल असे आज कोणी चित्र रंगविले, तर ते चित्र निखालस खोटे ठरेल. त्याच्या कालवणाचा रंग फार तर हळदीचा पिवळा असणार.

मग त्याची भाकरी तरी अस्सल या मातीतली होती काय? येथेही उत्तर अपेक्षेविरुद्ध आहे. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही तिन्ही धान्ये मूळची आफ्रिका खंडातली असून सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी ती हिंदुस्थानात आली, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. ज्या शाळूच्या कणसांचा हुरडा कृष्णाकाठच्या रानात आगटीवर भाजला जातो, त्याचे पूर्वज सुदानच्या बाजूला उगवत होते. त्यांच्या मानाने मिरची व बटाटा हे कालचे पाहुणे होत. लग्नाकार्यात आणि यात्रेजत्रेत या टापूत जी गव्हाची खीर करतात, जिला सरहद्दीपलीकडे हुग्गी म्हणतात, तिचेही तसेच आहे. तिला खपली गहू लागतो. हा गहू ओलसर करून कांडावा लागतो, कारण त्याचे टरफल साध्या मळणीने निघत नाही. मग तो रात्रभर भिजवून मंद आचेवर फुटेपर्यंत शिजवतात, आणि गूळ, सुंठ, वेलदोडे व खोबऱ्याचे काप घालून आटवतात. हाच खपली गहू पश्चिम आशियात माणसाने प्रथम लागवडीस आणलेल्या धान्यांपैकी एक असून प्राचीन मिसर देशाची रोटी प्रामुख्याने त्याचीच होत असे, आणि इटलीतील डोंगराळ भागात तो आजही शिजवून खातात. शिरोळच्या मांडवातली पंगत आणि टस्कनीतल्या शेतकऱ्याचे ताट यांत असे दूरचे सोयरेपण आहे. मात्र गुळाचा पाक आणि सुंठेचा झणका ही येथल्या हाताची करणी.

मध्ययुगात मिरज हे आदिलशाहीचे मातबर ठाणे होते आणि शिरोळचा भाग त्याच्या अगदी निकट. विजापूरच्या दरबाराबरोबर आलेल्या इराणी-तुर्की रिवाजांतून हलवा, पुलाव, जिलबी हे पदार्थ दक्षिणेत रुळले. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठी राज्याच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात जिलबीची कृती सापडते. म्हणजे तोवर ती पंडितमान्य झाली होती. त्याच तंजावरात दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२) मुदपाकखान्यातील पदार्थांची जी मराठी नोंद झाली, ती ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने प्रसिद्ध आहे, आणि तीत देशी पदार्थांच्या शेजारी इंग्रजी पदार्थांनाही स्थान मिळाले आहे. परंतु राजवाड्यात निरनिराळे स्वयंपाकी, निरनिराळी भांडी आणि पदरी कारकून असतात. ज्या घरात एकच चूल, एकच तवा आणि एकच बाई, त्या घरात परदेशी पदार्थ शिरावयाचा तर त्याला वेगळ्या वाटेने यावे लागते. आपला विषय ती वाट हा आहे.

त्या वाटेवरचा सर्वश्रेष्ठ प्रवासी म्हणजे मिरची. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यानंतरच्या शतकात केव्हातरी, कोकणातून मीठ, नारळ, सुपारी घेऊन घाट चढणाऱ्या तांड्यांबरोबर, ती देशावर आली असावी. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐने अकबरी’त पाकशाळेच्या सामानाची बारकाईने याद दिली, तीत मिरी आहे, मिरची नाही, म्हणजे उत्तरेत तोवर तिचा शिरकाव झाला नव्हता. मिरी मलबारातून विकत आणावी लागे आणि गोरगरिबांना ती औषधापुरती परवडे. मिरचीचे रोप मात्र परसात, बांधावर, कोठेही लागे आणि दिडकी न मोडता वर्षाचे तिखट घरात येई. तिच्या दिग्विजयाचे खरे कारण चवीपेक्षा हे अर्थकारण होय. पुढे या भागाने तिला इतके आपलेसे केले की जवळच्या संकेश्वराच्या नावाने तिची एक जातच विख्यात झाली, आणि गडहिंग्लजचा बाजार त्या मिरचीसाठी ओळखला जाऊ लागला.

चैत्र-वैशाखात शिरोळच्या कोणत्याही आळीतून गेले तर वर्षाच्या चटणीचा उद्योग दिसतो, आणि तो पाहण्याजोगा आहे. रंगासाठी ब्याडगी व जाळासाठी संकेश्वरी किंवा जवारी अशी मिरची निवडून, उन्हात कडकडीत वाळवून, तिचे देठ खुडावयाचे. धने, जिरे, तीळ, खसखस, सुके खोबरे, लवंग, दालचिनी, मिरे, दगडफूल हे एकेक करून थोड्या तेलात परतावयाचे, कारण प्रत्येकाला लागणारी आच निराळी आणि सगळे एकत्र टाकले तर तीळ करपतात व धने कच्चे राहतात. कांदा उभा चिरून लालसर तळावयाचा. आणि मग सारा सरंजाम डब्यांत भरून डंकावर न्यावयाचा. तेथे लोखंडी मुसळांच्या घावाखाली मिरची कुटली जात असता खकाणा उठतो, तोंडाला फडके बांधून उभ्या असलेल्या बायकाही शिंकून बेजार होतात, आणि तशातच लसूण व खडे मीठ घालून ती चटणी पुन्हा एकदा कांडली जाते. घरी आल्यावर चिनी मातीच्या बरणीत हिंगाचे खडे ठेवून ती दाबून भरतात. या एका दिवसाच्या दगदगीचे फळ पुढे वर्षभर मिळते. कारण मग रोज संध्याकाळी फोडणीत चमचाभर चटणी पडली की वांगे असो, मटकी असो, अंडी असोत वा मटण, कालवण सिद्ध होते आणि निराळा मसाला वाटण्याचे काम उरत नाही. सोपा स्वयंपाक ज्याला म्हणतात तो शिरोळने असा साधला: कष्ट वर्षातून एकदा, सोय तीनशे दिवस. या चटणीतील मिरची अमेरिकेतली, खसखस भूमध्य समुद्राकाठची, हिंग इराणचा, लसूण मध्य आशियातला, लवंग मोलुक्काच्या बेटांवरची. पण या सर्वांना भाजून, कुटून, एकजीव करण्याची विद्या या मुलखाची.

मिरचीच्या मागोमाग शेंगदाणा आला आणि त्याने चुलीवरचे तेलच बदलून टाकले. पूर्वी येथे करडई, तीळ, जवस, कारळे यांचे तेल घाण्यावर निघे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दख्खनेत भुईमुगाचा पेरा वाढत गेला आणि शेंगतेल सामान्यांच्या फोडणीत आले. दाण्याचे कूट तर येथल्या पाककलेचा कणाच झाले. कृष्णाकाठची काटेरी, हिरवट-पांढऱ्या रेषांची वांगी देठ राखून चार ठिकाणी चिरावीत, त्यांत दाण्याचे कूट, घरची चटणी, किसलेले खोबरे, गूळ व मीठ यांचे सारण दाबून भरावे, आणि तेलात परतून झाकणावर पाणी ठेवून त्या वाफेवर शिजवावे, ही कृती येथली लहान मुलगीही जाणते. वांगे हे भारतीय उपखंडातलेच. चिरून भरण्याची आणि वाफेवर शिजविण्याची पद्धत जुनी. केवळ सारणाची सामग्री बदलली. हाच सर्व प्रकरणाचा मथितार्थ आहे. नवा जिन्नस आला तो जुन्या कृतीत रिकामी असलेली जागा भरावयास आला, आणि जेथे त्याला अशी जागा सापडली तेथे तो टिकला.

बटाट्याची कथा कृष्णेच्या उगमाशी गुंतलेली आहे. महाबळेश्वरी इंग्रजांनी १८२८ च्या सुमारास आरोग्यस्थान वसविले आणि तेथे मलाक्का-सिंगापूरकडून आणलेले चिनी व मलायी कैदी ठेवले. १८६४ पर्यंत तो तुरुंग चालू होता. या कैद्यांनी तेथे बटाटा आणि विलायती भाज्यांचे मळे पिकविले आणि भोवतालच्या शेतकऱ्यांनी ती लागवड त्यांच्यापासून उचलली. ज्या नदीच्या उगमाशी चिनी माणसांनी अमेरिकेचा कंद इंग्रजांसाठी पिकविला, तिच्याच काठी शिरोळात तो यथावकाश उपवासाचा झाला, यात जगाच्या व्यवहाराचे एक विलक्षण सूत्र आहे. परंतु सर्वच घरांनी त्याचे स्वागत केले असे नाही. नांदणीच्या जिनसेन मठाचे अनुयायी असलेली जैन कुटुंबे या तालुक्यात मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतील व्रतस्थ मंडळींना जमिनीखालचे कंद वर्ज्य; त्यांच्याकडे बटाट्याचे काम कच्च्या केळ्याने भागते. दिवेलागणीपूर्वी जेवण आटोपणाऱ्या त्या घरांत जिन्नस बदलतो, पण फोडणी तीच राहते. टोमॅटोलाही जुन्या सोवळ्या घरांत त्याच्या लाल गरामुळे बराच काळ उंबऱ्याबाहेर तिष्ठावे लागले. शेवटी चिंचेचे व आमसुलाचे काम तो थोडक्यात करतो हे दिसल्यावर त्याला प्रवेश मिळाला.

१८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शाहू छत्रपतींनी आपल्या जनकपित्याच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या, नावाने त्या मार्गावर जयसिंगपूरची पेठ आखून वसविली. रस्ते काटकोनात, व्यापाऱ्यांच्या वखारी ओळीने, आणि मालाची चढउतार दाराशी, अशा त्या पेठेतून शिरोळच्या संसारात चहा, साखर, मैदा, बिस्किटे हे जिन्नस अधिक सुलभपणे येऊ लागले. चहाच्या प्रसारासाठी मळेवाल्यांच्या मंडळाने देशभर रेल्वेस्थानकांवर मोहीम चालविली होती आणि पाणी उकळून किटलीत पत्ती कशी मुरवावी हे जाहिरातींतून शिकविले होते. परंतु आमच्याकडे पत्ती दूध-पाण्याबरोबर खळखळ उकळली गेली, तीत आले ठेचून पडले आणि अनेक घरांत साखरेऐवजी गूळ आला. पेय घेतले, रीत घेतली नाही.

या नियमाची उलट बाजू वळिवड्यात दिसून येते. १९४३ ते १९४८ या काळात त्याच लोहमार्गावर, कोल्हापूरच्या अलीकडे, सोव्हिएत हद्दीतून निर्वासित झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत मुख्यत्वे स्त्रिया आणि मुले, छावणी करून राहिले. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते आणि प्रत्येक बिऱ्हाडात त्यांचा स्वतःचा स्वयंपाक होत होता. एवढे मोठे परदेशी गाव पाच वर्षे शेजारी नांदूनही आज कोल्हापूरच्या घरगुती जेवणात पोलिश म्हणावा असा एकही पदार्थ नाही. त्यानंतर तेथेच सिंधी निर्वासित आले, गांधीनगर वसले आणि कापडाची मोठी पेठ झाली. जी झाडे एकाही माणसाच्या ओळखीवाचून आली ती ताटात कायमची बसली, आणि जी हजारो पोलिश माणसे आली ती आपल्या पाककृती आपल्याबरोबरच घेऊन गेली. कारण जिन्नसाला भाषा लागत नाही, आणि पाककृतीला शेजारणीच्या ओट्यापाशी उभे राहून शिकण्याइतका सहवास लागतो.

तो सहवास छापील कागदाने पुरविला. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे पाकशास्त्रावरील पुस्तक निघाले, १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’ या ग्रंथात हजार पाकक्रिया एकत्र केल्या, १९३० पासून किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक घरोघर जाऊ लागले, आणि १९७० साली कुंडलच्या माहेरवाशीण कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. ‘रुचिरे’चा मोठा गुण असा की तिने प्रमाण वाटी आणि चमचा यांत दिले, तराजू, औंस किंवा शेर-छटाक यांचा हिशेब न करता नवा पदार्थ नवशिक्या सुनेच्या हाती आला. तरीही एक अडसर राहिला, तो भट्टीचा. मराठी घरात तवा, कढई, पातेले होते. चहूबाजूंनी आच देणारी बंद भट्टी नव्हती. म्हणून पाव आजही बेकरीतूनच येतो, आणि कोल्हापुरी मिसळीच्या कटाबरोबर विकतच्या पावाचे कापच खाल्ले जातात. नानकटाईसाठी तर एक मधला तोडगा निघाला होता: उन्हाळ्याच्या सुटीत मैदा, तूप, पिठीसाखर घरून घेऊन बायका-मुले बेकरीवर जात, तेथे पीठ मळून, गोळे वळून पत्र्यावर मांडत, आणि भट्टीतून निघालेली नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून सायंकाळी घरी आणत. पुढे कोणी पातेल्यात वाळू तापवून त्यावर केक भाजला, कोणी प्रेशर कुकरची शिटी काढून. ज्याला भट्टी हवी त्याला इतके सायास पडले. ज्याला कढई पुरते ते शेवयांसारखे चिनी नूडल मात्र एका पिढीत प्रत्येक घरी झाले, आणि त्यातही कांदा, कोबी परतून वर चटणी भुरभुरली गेली.

आज शिरोळ तालुक्यातील हरितगृहांत ढोबळी मिरची पिकते, जयसिंगपुरात इटालियन व चिनी खाण्याची दुकाने आहेत, आणि तरुण गृहिणी दूरदेशीच्या कृती पाहून घरी करून बघतात. जुनी माणसे याला परंपरेचा ऱ्हास म्हणतात आणि नवी माणसे याला जगाशी नवे नाते म्हणतात. दोघांचाही इतिहासाशी परिचय अल्प आहे. आफ्रिकेची ज्वारी, पश्चिम आशियाची खपली, अमेरिकेची मिरची व शेंग, चीन देशाची चहापत्ती यांवरच ज्या परंपरेचा संसार चालला तिला परक्याचे वावडे कधीच नव्हते. तिची अट एवढीच होती की नव्या जिनसाने घरातल्या भांड्यात शिजावे, खिशाला झेपावे आणि रोजच्या हाताला नवे वळण लावावयास भाग पाडू नये. आजच्या पाहुण्यांपैकी कोण राहील हे भाकीत करावयाचे झाल्यास हीच कसोटी लावावी लागेल, आणि ती लावली तर चीजपेक्षा ढोबळी मिरचीचे भवितव्य मला अधिक निश्चित वाटते. कारण तिच्यात दाण्याचे कूट भरून ती वाफेवर शिजविण्यास शिरोळच्या बायकांनी केव्हाच प्रारंभ केला आहे.